नऊ पॉइंट चार

आमच्या बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये जे जे काही कागदावर आहे ते नीळकंठ देशकर या नावावर आहे. क्वार्टर, गॅस, वीज, टेलिफोन, फ्रीजची वॉरंटी. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. नोकरी त्यांची, स्टाफ नंबर त्यांचा. पण शहाण्णव साली माझ्या पित्ताशयातले खडे काढले तेव्हा डॉक्टरांनी ते प्लास्टिकच्या डबीत घालून हातात दिले आणि डबीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं: एन. के. देशकर. माझ्या पोटात वाढलेले सात खडे आणि नाव ह्यांचं. हे खूश झाले. डबी त्यांनी शोकेसमध्ये ठेवली, लेकीला, वैजूला, वक्तृत्वात मिळालेल्या कपाशेजारी, आणि पाहुणे आले की ते ती हलवून दाखवायचे. मला तेव्हाच शिसारी यायला हवी होती. मी मात्र दर शनिवारी ती डबी फडक्याने पुसत होते.

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये ही रीतच आहे. दवाखान्याचं पुस्तक कर्मचाऱ्याच्या नावाचं. बायको, मुलं, म्हातारे आईवडील आतल्या पानावर ओळीने, 'आश्रित' म्हणून. औषधांच्या खिडकीवर पुकारा होतो तोही कर्मचाऱ्याचाच. 'देशकर' ऐकलं की मी उठायची, वैजू उठायची, सासूबाई होत्या तेव्हा त्याही गुडघे धरून उठायच्या. आजार आपला आहे तर नावही आपलं असावं, असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात कधी आलं नाही.

हे इन्स्पेक्शनमध्ये आहेत. कारखान्यात तयार झालेला नग ह्यांच्या टेबलावर येतो, हे तो मोजतात, ड्रॉइंगवरच्या मापाशी ताडून बघतात आणि शिक्का मारतात, नाहीतर लाल रंगाची फुली. अठ्ठावीस वर्षांत ह्यांनी पास केलेला एकही नग परत आलेला नाही. हे मला कसं माहीत? आठवड्यातून दोनदा तरी जेवताना ऐकते. ह्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे. फॉर्म भरायचा असला की कॉलनीतले लोक ह्यांच्याकडे येतात, आणि हे चष्मा पुसून, कोरा कागद खाली घेऊन, एकेका चौकोनात एकेक अक्षर बसवतात. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते माझ्या हातचा कुठलाही पदार्थ खाताना मी पाहिलेलं नाही.

वैजयंती, आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा सतरा वर्षांची होती. दोन हजार दोन साल. बारावीचा अभ्यास, त्यातच इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास, त्यासाठी पिपलानीपर्यंत सायकलवर जाणं-येणं. दिवाळीपासून तिचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी पुस्तक घेऊन बसली की भुवयांच्या वर ठणकायचं. मधे दोन महिने पाळीही आली नाही. टाउनशिपच्या दवाखान्यात गोळ्या झाल्या, रक्त झालं, आणि मग शहरातल्या एका खासगी केंद्रावर मेंदूचं एम.आर.आय. करायला चिठ्ठी मिळाली.

त्या केंद्रावर वैजू कपडे बदलायला आत गेली. मी तिचे कानातले मुठीत धरून बसले होते. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला आणि ह्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. मी बघत होते. पहिल्या चौकोनापासून शेवटच्या चौकोनापर्यंत, एक अक्षर खाली-वर नाही. त्यांनी फॉर्म फिरवून मला दाखवलासुद्धा. मी मान डोलावली. काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, फक्त अक्षर पाहिलं.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे, हाडाच्या एका खळगीत पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. वाढ, पाळी, दूध, सगळ्याची सूत्रं तिच्याकडे. तिची उंची नऊ पॉइंट चार मिलिमीटर भरली होती आणि खाली लिहिलं होतं की कमाल मर्यादा आठ, तेव्हा ग्रंथी वाढलेली आहे, वरचा भाग फुगीर आहे, गाठीची शक्यता विचारात घ्यावी.

त्या कागदासह आम्हाला एका मोठ्या खासगी रुग्णालयात पाठवलं गेलं. तिथल्या सर्जनने वैजूकडे एकदा पाहिलं, रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि पुढचं सगळं ह्यांच्याशी बोलले. "बढ़ी हुई है। ट्यूमर ही मानकर चलिए। नाक के रास्ते जाएँगे, बाहर कोई निशान भी नहीं रहेगा।"

वैजूने विचारलं, "सर, उसके बाद?"

"उसके बाद गोलियाँ," ते ह्यांच्याकडेच बघत म्हणाले. "उम्र भर चल सकती हैं। बच्चे-वच्चे का बाद में देखेंगे, अभी तो उसका सवाल नहीं है।"

सतरा वर्षांच्या पोरीसमोर. त्यांच्या टेबलावर अर्धवट खाल्लेला समोसा होता आणि बोलता बोलता ते त्याचा कोपरा मोडत होते. मला आजही समोसा खाववत नाही.

सोमवारी भरती, मंगळवारी ऑपरेशन. मध्ये अकरा दिवस होते आणि त्या अकरा दिवसांत मी माणसांना विटले. पहिल्या आमच्या शेजारच्या रजनीवहिनी. नारळाच्या वड्या घेऊन आल्या आणि वैजूला समोर बसवून तिच्याकडे असं बघत राहिल्या, जणू बाजारात भोपळा निवडायचा आहे. आधी चेहरा, मग ओठांच्या वरची लव, मग छाती. "हार्मोनचं आहे म्हणजे पुढे सगळंच कठीण गं," मला म्हणाल्या. "आत्तापासून कुणाला सांगू नकोस. स्थळं यायची नाहीत." मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्यांचं तोवर ब्लॉकभर सांगून झालं होतं. त्यांच्या वड्या मी त्या गेल्यावर केराच्या डब्यात टाकल्या आणि डबाही धुतला.

पण रजनीवहिनींचं काय, त्या परक्या. माझ्या घरात जे चाललं होतं त्याचं मी काय करणार होते? ह्यांनी कारखान्यातून व्हर्निअर घरी आणला. म्हणजे माप घ्यायची ती स्टीलची पट्टी, दोन जबडे असलेली. कुणी विचारपूस करायला आलं की हे तिचे जबडे बरोब्बर नऊ पॉइंट चारवर आणून दाखवायचे. एका रविवारी त्यांचे दोन सहकारी आले होते. मी मटार घालून पोहे केले होते. ह्यांनी बशीतला एक वाटाणा उचलला, जबड्यात धरला, फेकला, दुसरा उचलला. तिसरा बरोबर बसला. "ही एवढी," ते म्हणाले. "आणि असायला हवी जास्तीत जास्त आठ. एक पॉइंट चार जास्त. आमच्याकडे असा नग आला तर लाल फुली." मग करंगळी स्वतःच्या नाकपुडीला लावून त्यांनी हत्यार आत कसं जातं ते सांगितलं. पाहुणे पोहे चावत ऐकत होते. तो वाटाणा त्यांनी नंतर खाल्ला. वैजू दारात उभी होती.

त्या दिवसापासून तिने वाटाण्याला हात लावला नाही.  एकदा मी केस विंचरून देत असताना म्हणाली, "आई, बाबांना मजा येतेय का गं?"

"काहीतरीच काय बोलतेस. काळजीने करतात ते."

मी खोटं बोलले हे आम्हा दोघींनाही कळलं. मजा नाही म्हणणार मी, पण त्यांना महत्त्व आलं होतं. जन्मात पहिल्यांदा लोक ह्यांचा खांदा दाबत होते, साहेब केबिनमध्ये बोलावून चहा पाजत होते. हिमतीचा बाप म्हणून त्यांचं नाव झालं होतं, आणि ते नाव ते रोज धुतलेल्या शर्टासारखं घालून बाहेर पडत होते.

भरतीच्या आधीच्या गुरुवारी मी फिल्म घेऊन आमच्या टाउनशिपच्या दवाखान्यात गेले. बाहेर झालेल्या फिल्मची आमच्याकडच्या एक्स-रे विभागात नोंद करावी लागते. ही कामं एरवी हेच करतात, पण त्या दिवशी त्यांना सकाळची पाळी होती. तिथे वसुधा मॅडम होत्या, विभागाच्या डॉक्टर. पुण्याच्या, निवृत्तीला आलेल्या, दाताखाली लवंग धरून बोलणाऱ्या. त्यांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली, रिपोर्ट उघडला आणि मला खुर्ची दाखवली.

"मिस्टर देशकरांना काय त्रास होतोय? बाजूचं कमी दिसतं का?"

"त्यांना काही नाही. मुलीचं आहे हे."

"कुठल्या मुलीचं?"

"आमच्या. वैजयंतीचं. सतरा वर्षांची आहे."

मॅडमनी लवंग तोंडातून काढून कागदात ठेवली. मग फिल्मच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. तिथे बारीक पांढऱ्या अक्षरांत होतं: एन. के. देशकर, चोपन्न वर्षे, पुरुष. रिपोर्टच्या वरही तेच होतं. तो कागद दोन आठवडे माझ्या कपाटात होता. मी तो डझनभर वेळा उघडला होता. नाव वाचून मला काहीही वाटलं नव्हतं, कारण माझ्या घरातल्या प्रत्येक कागदावर तेच असतं.

"फॉर्म कुणी भरला?"

"ह्यांनी."

"आणि सवयीने स्वतःचा भरला." त्या चिडल्या नव्हत्या, दमलेल्या वाटल्या. "ऐका. ही ग्रंथी सगळ्यांची सारखी नसते आणि एकाच माणसाचीसुद्धा जन्मभर सारखी राहत नाही. लहान मुलात छोटी असते, सहाएक मिलिमीटरपर्यंत. वयात येताना वाढते, आणि मुलींची मुलांपेक्षा जास्त. वरून अशी फुगीर दिसते, घुमटासारखी. तुमच्या मुलीच्या वयाला नऊ काय, दहासुद्धा चालतात. गरोदरपणात आणि बाळंतपणात सगळ्यात मोठी, बारापर्यंत जाते. मग वय वाढेल तशी बसत जाते. चोपन्न वर्षांच्या पुरुषात नऊ पॉइंट चार दिसली तर मीही हेच लिहिलं असतं. त्या रिपोर्ट लिहिणाऱ्याने चोपन्न वर्षांचा पुरुषच वाचलाय."

"म्हणजे हिला काही नाही?"

"मला तर आत कुठेच वेगळा डाग दिसत नाही. रक्तातल्या हार्मोनचा आकडा मर्यादेच्या जरासा वर आहे, तो परीक्षेच्या ताणानेही जातो. पाळीचं पुन्हा तपासू. डोकं कधी दुखतं?"

"संध्याकाळी. वाचताना."

"डोळे तपासलेत?"

नव्हते तपासले. मेंदूच्या आत शिरलो होतो आम्ही, डोळ्यांपाशी कुणी थांबलंच नव्हतं.

मॅडमनी सर्जनला फोन लावला, ते ऑपरेशनमध्ये होते. दुपारच्या गाडीने मॅडमना भाचीच्या लग्नाला जायचं होतं, मंगळवारी परत. म्हणून त्यांनी दवाखान्याच्या कागदावर चिठ्ठी लिहिली: ही फिल्म कर्मचाऱ्याची नाही, त्याच्या सतरा वर्षांच्या मुलीची आहे, वय आणि लिंग दुरुस्त करून पुन्हा वाचावी, माझ्या मते ग्रंथी या वयाला योग्य आहे, तोवर ऑपरेशन करू नये. खाली सही, शिक्का. "उद्याच्या उद्या त्यांच्या हातात द्या," त्या म्हणाल्या. "हातात."

परतताना मी मिनीबसमध्ये चिठ्ठी ब्लाउजमध्ये ठेवून बसले होते आणि सारखं हसू येत होतं. बारा मिलिमीटर. वैजू पोटात होती तेव्हा माझीही वाढली असणार, डोक्याच्या तळाशी, मला पत्ताही न लागता. ती अंगावर पीत होती तेव्हा. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझी बसत चालली असेल आणि पोरीची भरत आली होती. कुणी लाल फुली मारण्यासारखं त्यात काय होतं? घरी आल्या आल्या मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मतलब बाबांची एवढी असती तर बाबांचं ऑपरेशन?" आणि हसत सुटली. किती दिवसांनी. मीही हसले, आम्ही दोघी पलंगावर लोळून हसलो.

हे दुपारी पाळीवरून आले. चिठ्ठी वाचली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"फॉर्मवर कर्मचाऱ्याचं नाव विचारलं होतं," ते म्हणाले.

"पेशंटचं विचारलं असणार."

"मी अठ्ठावीस वर्षं फॉर्म भरतोय, सिंधू."

"म्हणूनच तर."

त्यांनी चिठ्ठी पुन्हा वरपासून वाचली. "शिवाय माप ते माप. नऊ पॉइंट चार म्हणजे नऊ पॉइंट चार. बाईचं वेगळं, पुरुषाचं वेगळं, असं कुठे असतं?"

"असतं. मॅडमनी लिहिलंय."

"ठीक आहे. उद्या मी देतो सर्जनना. तुला त्यांच्याशी नीट बोलता यायचं नाही."

मी चिठ्ठी दिली. हे लिहिताना माझा मलाच तिटकारा येतो. मॅडम दोनदा म्हणाल्या होत्या, हातात द्या, आणि मी ती ह्यांच्या हातात दिली, कारण कागद म्हटला की तो ह्यांच्याच हातात द्यायचा असतो, अशी माझी समजूत होती.

शुक्रवारी संध्याकाळी ते स्कूटर लावून आत आले, बूट काढले आणि बूट काढता काढताच म्हणाले, "दिली. त्यांनी वाचली. म्हणाले, तरीही करावंच लागेल."

"का?"

"ते सर्जन आहेत. वसुधा मॅडम फोटो बघणाऱ्या. एकदा उघडून बघतील, काही नसेल तर तसंच बंद करतील. आमच्याकडेही शंका असली की यंत्र उघडूनच बघतात."

 वैजू उठली आणि बॅगेत कपडे भरायला लागली. तिचा तो पाठमोरा खांदा मला अजून दिसतो. मी का भांडले नाही, विचाराल तर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: मला वाटलं, पोरीच्या जिवाबद्दल कोणी बाप खोटं बोलणार नाही.

सोमवारी सकाळी आम्ही त्या रुग्णालयात गेलो. मी आणि वैजू रिक्षाने, हे स्कूटरवर पुढे. आम्ही पोचलो तोवर ह्यांचे फॉर्म भरून झालेले होते. तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची कॉट मिळाली. वॉर्डभर वास होता. फिनाईल, कुणाची तरी उलटी आणि त्यावर उदबत्ती. एक सिस्टर आली. तिने ट्रे ठेवला, त्यात छोटी कात्री, कापूस, पिवळं औषध. "नाक साफ़ करना है, अंदर के बाल काटने हैं," ती म्हणाली आणि वैजूच्या मनगटावर प्लास्टिकचा पट्टा बांधून मोकळी झाली.

वैजूने मनगट माझ्यासमोर धरलं.

एन. के. देशकर. चोपन्न. पुरुष.

"सिस्टर, फ़ाइल दिखाइए," मी म्हटलं. तिने कंटाळून फाईल दिली. वरच संमतीचा कागद. पेशंटचं नाव: नीळकंठ देशकर. पालकाचं नाव: नीळकंठ देशकर. सुंदर अक्षर. खाली तोच जुना रिपोर्ट. चिठ्ठी नव्हती. मी पान न् पान उलटलं, फिल्मच्या पाकिटात हात घालून पाहिलं. चिठ्ठी कुठेच नव्हती.

हे कॉटच्या पायथ्याशी उभे होते. मी विचारलं, "चिठ्ठी कुठे आहे?"

"दिली ना."

"कुठे आहे?"

वैजू त्यांच्याकडे बघत होती. ते तिच्याकडे बघत नव्हते. शेवटी म्हणाले, "डिकीत आहे. स्कूटरच्या." आणि लगेच हलक्या आवाजात, "सिंधू, विचार कर. सगळ्या डिपार्टमेंटला माहीत झालंय. साहेबांनी स्वतः खर्चाच्या मंजुरीवर सही केली. आता मी काय सांगू, फॉर्म चुकीचा भरला म्हणून? मी? हे डॉक्टर काय मूर्ख आहेत, काही नसतं तर त्यांनीच सांगितलं असतं."

मला राग आला नाही. राग यायला माणूस समोर लागतो. मला नुसती किळस आली, पायाच्या तळव्यापासून. ते छापील अक्षर, ते पुसलेलं चष्म्याचं भिंग, तो जबड्यात धरून खाल्लेला वाटाणा. एका चौकोनात चुकलं हे कबूल करण्यापेक्षा ह्यांनी पोरीच्या नाकातून हत्यार जाऊ दिलं असतं. आणि बाहेर बाकावर बसून लोकांना खांदा दाबू दिला असता.

सिस्टरने कात्री उचलली. "चलिए बेटा, सीधे लेटिए।"

"रुकिए," मी म्हटलं. मी तिच्या हातातून कात्री घेतली आणि वैजूच्या मनगटावरचा पट्टा कापला. तो मी ह्यांच्या हातावर ठेवला. "मरीज़ का नाम नीळकंठ देशकर है। चौवन साल, पुरुष। वो ये खड़े हैं। इन्हें लिटाइए, इनकी नाक साफ़ कीजिए।"

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली, मग फाईलकडे, मग ह्यांच्याकडे. "सर, आप पेशेंट हैं?"

"नहीं, नहीं," हे म्हणाले, आणि त्यांचा हात नाकाकडे गेला. करंगळी नाही, अख्खा तळहात. नाक झाकून ते एक पाऊल मागे सरले. "मुझे कुछ नहीं हुआ है।"

"काग़ज़ पर तो आप ही हैं," सिस्टर म्हणाली.

वैजू कॉटवरून उतरली आणि चपला शोधायला लागली.

पुढचं लवकर झालं. मी स्वतः डिकीतून चिठ्ठी आणली. ती पेट्रोलच्या फडक्याखाली घडी करून ठेवलेली होती. सर्जन आले, चिठ्ठी वाचली, फिल्मचा कोपरा वाचला, वैजूकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "अरे, ये तो बच्ची की है," ते म्हणाले, जणू ती या क्षणी उगवली होती. मग हसले. "चलिए, अच्छा ही हुआ।" माफी कुणी मागितली नाही. खाली काउंटरवर फिल्म पुन्हा वाचून घ्यायच्या फॉर्मसाठी नाव विचारलं तेव्हा ह्यांचा हात पेनाकडे गेला होता. वैजूने पेन आधी उचललं आणि स्वतःचं नाव लिहिलं. तिचं अक्षर गिचमिड आहे, कोंबड्याच्या पायांचं. मला ते फार आवडलं.

दहा दिवसांत नवा रिपोर्ट आला. वैजयंती देशकर, सतरा वर्षे, स्त्री. ग्रंथीची उंची नऊ पॉइंट चार मिलिमीटर, वय आणि लिंग पाहता योग्य. डोळ्यांना सव्वा नंबर निघाला. चष्मा लागल्यावर आठवडाभरात डोकं दुखायचं थांबलं, आणि पाळी परीक्षेनंतर आपोआप आली.

तो रिपोर्ट आला त्या सकाळी हे पोहे खात होते. इतके दिवस माझ्याशी जपून बोलत होते. त्यांनी कागद घेतला, चष्मा पुसला, वरपासून खालपर्यंत वाचला. चेहरा उजळला.

"बघ," ते म्हणाले. "माप तेच आलं ना? नऊ पॉइंट चार. मी पहिल्यापासून तेच सांगत होतो. मापात चूक नव्हती."

समोर वैजू बसली होती, नव्या चष्म्यातून ती त्यांच्याकडे बघत होती. एखादी अनोळखी गोष्ट नीट दिसायला लागावी तसं.

मी उठले. शोकेस उघडली, खड्यांची डबी काढली, झाकण उघडलं आणि ती त्यांच्या बशीला टेकवून ठेवली. सात खडे, हिरवट पिवळे, चण्याएवढे. सहा वर्षांत त्यांना एक वास लागला होता.

"हे काय?"

"तुमचे आहेत," मी म्हटलं. "नाव वाचा."

त्यांनी नाव वाचलं. मग बशी दूर सरकवली.